शेजाऱ्याविरुद्ध एक अर्ज

२०२४ च्या फेब्रुवारीतली एक सकाळ. चहाचा कप घेऊन मी माझ्या लिहिण्याच्या खोलीत येऊन बसलो होतो. कादंबरीचे सातवे प्रकरण चार दिवस अडून बसले होते आणि पूर्वेच्या खिडकीतून टेबलावर उतरणारे कोवळे ऊन बघण्याखेरीज माझ्या हातून काही होत नव्हते. तेवढ्यात शेजारच्या दाराशी ट्रक थांबला आणि विटा उतरू लागल्या.

विटा उतरण्याचा आवाज मला नवा नाही. सदतीस वर्षे बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्ज विभागात. घरबांधणीच्या कर्जाचा पुढचा हप्ता सोडण्याआधी काम कुठवर आले हे पाहायला आम्ही जागेवर जात असू. विटा किती, वाळू किती, सळई किती, हे बघून मजला किती चढणार याचा अंदाज मला येतो. या विटा कुंपणाच्या डागडुजीसाठी नव्हत्या.

शेजारी म्हणजे भाऊ. त्याचे खरे नाव सांगण्याचे कारण नाही. कॉलनीतले लहानथोर त्याला भाऊच म्हणतात. १९८९ साली मी इथे घर बांधले तेव्हा तो आठवीत होता. त्याचे वडील माझ्याच बँकेत, वयाने आणि हुद्द्याने वडीलधारे. हा प्लॉट त्यांनीच मला सुचवला. दोन घरांमधल्या कुंपणाच्या भिंतीत आम्ही दोघांनी मिळून एक छोटे लोखंडी फाटक बसवून घेतले. त्या फाटकातून पस्तीस वर्षांत काय काय गेले-आले! विरजण, शिडी, दिवाळीचा फराळ, रविवारच्या पुरवण्या, आणि वडील गेले त्या रात्री भाऊच्या घरी गेलेला आमचा पिठल्याभाताचा डबा.

आणि एकदा, २०२१ च्या एप्रिलमध्ये, त्याच फाटकातून भाऊ धावत आला होता. करोनाची दुसरी लाट होती. रात्री दोनच्या सुमाराला हिचा ऑक्सिजन उतरत चालला. रुग्णवाहिकेचा फोन लागेना. मुलगा परदेशी. मी फाटकाशी उभा राहून हाक मारली. दुसऱ्या हाकेला भाऊ बाहेर. घरात म्हातारी आई होती, मुले होती, आजाराची भीती त्यालाही होती. तरी त्याने हिला उचलून स्वतःच्या गाडीत ठेवले. दोन ठिकाणी खाट नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी पहाटे पाचला मिळाली. ही आज माझ्याशी भांडायला शिल्लक आहे ती भाऊमुळे.

त्या भाऊच्या दारात विटा उतरत होत्या.

संध्याकाळी भिंतीवरून मी सहज विचारले. तो म्हणाला, “वर दोन खोल्या काढतोय, काका. कॉलेजची पोरं मिळतात भाड्याला. आणि खाली रस्त्याकडची भिंत काढून दुकानाचा गाळा.” त्याची नोकरी जाऊन वर्ष होत आले होते. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नवी नोकरी कोण देतो?

“परवानगी काढलीस का रे?”

तो हसला. “कोण काढतं, काका?”

खरोखर, कोण काढते? दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना मी आमच्या कॉलनीकडे कर्ज अधिकाऱ्याच्या जुन्या डोळ्यांनी पाहिले. कोपऱ्यावरच्या बंगल्याचा जिना सामासिक अंतरात. सामासिक अंतर म्हणजे घर आणि हद्द यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा. तिच्यातूनच उजेड येतो, वारा येतो आणि वेळ पडली तर अग्निशामक दलाचा माणूसही. त्यापुढच्या घराची मोरी त्याच जागेत. समोरच्या गच्चीवर पत्र्याची खोली. आणि माझ्या घराची पुढची गॅलरी? १९९६ साली मी तिला सरकत्या काचा लावून घेतल्या आणि तिचे रूपांतर पुस्तकांच्या खोलीत केले. मंजूर नकाशात ती आजही उघडी गॅलरीच आहे. आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून, ही म्हण काय उगीच पडली?

तेव्हा गप्प बसावे, असे मी ठरवले. पण आठवड्याने खालची भिंत फोडायला सुरुवात झाली आणि माझी झोप उडाली.

भाऊचे घर १९८७ सालचे. त्या काळी आमच्यासारख्या नोकरदारांनी बांधलेल्या बऱ्याच घरांना सिमेंटचे खांब नसत. नऊ इंची विटांच्या भिंतींवरच स्लॅब टेकलेली असे. अशा घरात भिंत हा आडोसा नसतो, तो आधार असतो. तळमजल्यावर एक भिंत काढायची आणि त्याच वेळी डोक्यावर एक मजला चढवायचा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या हातातली काठी काढून घेऊन खांद्यावर पोते द्यायचे.

अशा प्रसंगी माणूस काय करतो? निनावी अर्ज. कॉलनीतल्या एका गृहस्थांनी मला तोच सल्ला दिला. “सही कशाला करता? टाका एक पत्र पोस्टात. नाव ना गाव.”

निनावी अर्ज काय करतो हे मी जवळून पाहिले आहे. मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना आमच्या रोखपालाविरुद्ध असे पत्र गेले होते. चौकशी झाली, त्यात काही निघाले नाही. पण ते पत्र कोणी लिहिले हे शेवटपर्यंत कळले नाही, आणि न कळल्यामुळेच प्रत्येकाने ते दुसऱ्याने लिहिले असे धरले. दुपारी एकत्र डबे उघडणारी अकरा माणसे आपापल्या टेबलावर पाठ फिरवून जेवू लागली. पुढे १९९९ साली केंद्रीय दक्षता आयोगाने निनावी अर्जांवर कार्यवाही करू नये असे परिपत्रक काढले, तेव्हा मला त्या शाखेतली ती दुपार आठवली. निनावी पत्र एका माणसावर लिहिलेले असते, पण संशय मात्र साऱ्यांवर बसतो.

तेव्हा अर्ज करायचा तर सहीनिशी. पण करायचा का?

कादंबरीकाराला एक वाईट खोड असते. पात्र सांगते त्या कारणावर तो विश्वास ठेवत नाही. खालचे कारण शोधतो. ती खोड मी स्वतःवर चालवून पाहिली. एका कागदावर भाऊच्या बांधकामाविषयीच्या माझ्या सगळ्या तक्रारी लिहून काढल्या. पहिलीच तक्रार काय निघाली? वरचा मजला झाला की माझ्या टेबलावरचे सकाळचे ऊन जाणार! दुसरी, धूळ. तिसरी, भाडेकरू पोरांच्या मोटारसायकली आणि रात्रीची गाणी. भिंतीची गोष्ट पाचव्या क्रमांकावर होती. मला माझीच लाज वाटली.

आता उन्हावर हक्क सांगता येत नाही असे नाही. वीस वर्षे बिनतक्रार मिळत आलेल्या उजेड-वाऱ्याला १८८२ चा कायदा काही बाबतींत संरक्षण देतो. वकील मंडळी त्याला ईझमेंटचा कायदा म्हणतात. पण त्यासाठी दिवाणी दावा लावायचा, आणि ज्याने बायकोचा जीव वाचवला त्याच्यावर उन्हासाठी दावा लावायचा, हे माझ्याने होणार नव्हते. मी कागदावरची माझी सुखदुःखे एकेक करून खोडत गेलो. शेवटी दोन ओळी उरल्या. खालची भिंत. आणि वरच्या खोल्यांत झोपणारी मुले.

ती मुले अजून आलेली नव्हती. ती कुठल्या गावची, कोणाची, ठाऊक नव्हते. ती येतील, आगाऊ रक्कम देतील, खाट लावतील. आपल्या खोलीखालची भिंत काढलेली आहे हे त्यांना कोणी सांगणार नाही.

वाचकहो, वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला मग जुन्या बातम्या आठवू लागतात. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ मुंब्रा-शीळ भागात एक बेकायदा इमारत कोसळली. वरचे मजले चढत होते आणि खाली माणसे राहायलाही आली होती. ७४ जण गेले. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला एक चांगली नांदती इमारत सकाळी खाली बसली, १७ जण गेले. तिच्या तळमजल्यावर एका जागेत फेरफार चालू होते. अशा जागेशेजारी कोणीतरी राहतच असणार. त्यांना घणांचे आवाज ऐकू आले असतील. ‘आपल्याला काय करायचंय,’ असे मनाशी म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली असेल, माझ्यासारखीच.

मी हिच्याशी बोललो. माझी अपेक्षा होती की ती म्हणेल, भाऊच्या वाटेला जाऊ नका. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, “आपली नात बंगळुरूला अशाच कुणाच्या तरी खोलीत भाड्यानं राहते. तिच्या खोलीखालच्या भिंती कुणी बघितल्यात?”

एवढेच बोलून ती उठली.

दुसऱ्या दिवशी मी फाटकातून भाऊकडे गेलो. त्याच्या आईने चहा टाकला. मी त्याला सांगितले, “अरे, बांधू नको असं मी म्हणत नाही. पण एकदा इंजिनिअरला दाखव. माझ्या ओळखीचे आहेत, बँकेसाठी मूल्यांकन करायचे. फी मी देतो.”

तो तयार झाला. इंजिनिअर आले. त्यांनी भिंत पाहिली, हातोडीने ठोकून पाहिली, आणि आधी लोखंडी टेकू लावून काम थांबवा, असे स्पष्ट सांगितले. वरच्या मजल्याचा विचार पाया तपासल्याशिवाय करू नका, म्हणाले. भाऊने मान हलवली. टेकू म्हणून चार लाकडी बल्ल्या लागल्या. काम मात्र थांबले नाही. वर भिंती चढल्या, सेंट्रिंगच्या फळ्या आल्या. येत्या गुरुवारी स्लॅब पडणार असे मिस्त्रीकडून कळले.

मी पुन्हा गेलो. या वेळी चहा आला नाही.

भाऊ म्हणाला, “काका, परवानगी मागितली असती तर मिळाली असती का? दोन्ही बाजूंची जागा सोडायची म्हटली तर माझी खोली उरते केवढी? आणि घाबरता कशाला? दहा वर्षं थांबायचं, सरकार नियमित करून देतं.”

यावर माझ्यापाशी सोपे उत्तर नव्हते, कारण तो खोटे बोलत नव्हता. गुंठेवारीचा कायदा २००१ साली आला तेव्हा त्याची तारीख १ जानेवारी २००१ होती. २०२१ साली ती ३१ डिसेंबर २०२० वर आणली. त्याच्या आधी, २०१७ साली, नगररचना कायद्यात नवे कलम घालून २०१५ अखेरपर्यंतची काही बेकायदा बांधकामे दंड घेऊन नियमित करण्याची वाट काढली. यामागे गोरगरिबांची घरे वाचवण्याचा हेतू आहे, तो मी नाकारत नाही. पण जो परवानगीसाठी रांगेत उभा राहिला तो मूर्ख आणि जो थांबला तो शहाणा, हा धडाही लोक त्यातूनच शिकले. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो.

मी म्हणालो, “नियमित कागद होतो रे. भिंत नाही होत.”

तेव्हा तो उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याने माझ्यापुढे आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. तो एवढेच म्हणाला, “काकूंना रात्री नेलं तेव्हा संचारबंदी होती. तेव्हा मी कुणाची परवानगी घेतली होती?”

या प्रश्नाला उत्तर नाही. तेव्हाही नव्हते, आजही नाही. मी खाली मान घालून म्हणालो, “भाऊ, मी उद्या अकरा वाजता महापालिकेत अर्ज देणार आहे. माझ्या सहीनं. ही त्याची प्रत. आधी तुला दिली.” त्याने कागद घेतला नाही. मी तो टीपॉयवर ठेवून आलो.

अर्जात मी तीनच गोष्टी लिहिल्या. भिंत, वरचा मजला, आणि शेवटच्या परिच्छेदात माझी गॅलरी. ‘सदर अर्जदारानेही १९९६ साली विनापरवाना गॅलरी बंद केलेली असून तीबाबतही योग्य ती कार्यवाही व्हावी.’ आवक टेबलावरच्या मुलाने अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, “साहेब, स्वतःविरुद्धची तक्रार मी पहिल्यांदाच घेतोय. नाव गुप्त ठेवायचं का?” मी म्हणालो, “कोणापासून?” त्याने शिक्का मारला.

हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. गॅलरीपायी कोणाचा जीव जाणार नव्हता, दोन गोष्टी सारख्या नव्हत्या, हे मला कळते. पण भाऊकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कुठे वळतात हेही कागदावर असलेले बरे, असे वाटले. शिवाय माझ्या माथ्यावर एक जुने ओझे होते. नव्वदच्या दशकात कर्ज विभागात असताना ‘पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज केला आहे’ एवढ्या एका ओळीवर मी शेवटचे हप्ते सोडलेले आहेत. एकदा नव्हे, अनेकदा. त्यातले किती दाखले पुढे आले हे पाहायला मी त्या शाखेत राहिलोच नाही. तीन वर्षांनी बदली. इमारतीचा पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहिल्याशिवाय बँकांनी ती तारण घेऊन कर्ज देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात बजावले. नुसता काळ लोटला किंवा यंत्रणा गप्प राहिली म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, असेही त्यात म्हटले आहे. तो निकाल वाचताना मला माझ्याच सह्या दिसत होत्या.

अर्ज दिल्यावर बुधवारी दुपारी माणसे आली. काम थांबवण्याची नोटीस भाऊला, गॅलरी पूर्ववत करण्याची नोटीस मला. गुरुवारची स्लॅब पडली नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. नगररचना कायद्यात एक सोय आहे: पाडण्याची नोटीस आली तरी मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगी मागता येते; नियमांत बसेल तेवढे टिकते. भाऊने वास्तुविशारद गाठला. खालच्या उघड्या बाजूला लोखंडी तुळई बसवून आधार दिला गेला, त्याचा खर्च त्याला आला. वरच्या अर्धवट भिंती निम्म्या उतरवाव्या लागल्या. उरलेल्या निळ्या ताडपत्रीखाली आहेत. गाळा झाला, तिथे त्याने झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान टाकले आहे. दोन खोल्यांचे भाडे मात्र त्याच्या हिशेबातून गेले. ते पैसे कुठून भरून निघत असतील याचा विचार माझ्या मनात येतो. मी बँकेतला माणूस आहे, असा हिशेब मला टाळता येत नाही.

माझ्या गॅलरीच्या काचा मी काढल्या. पहिल्या पावसात पुस्तकांची दोन कपाटे आत हलवावी लागली.

कॉलनीत माझ्याविषयी दोन पक्ष पडले. एक म्हणतो, साठी उलटली की माणसाला उद्योग लागतो. दुसरा माझी पाठ थोपटतो, पण स्वतःच्या सामासिक अंतरातल्या मोरीकडे माझे लक्ष जाऊ नये म्हणून मला दुसऱ्या रस्त्याने फिरायला नेतो. मी बरोबर केले का, असे मला कोणी विचारले तर मी एवढेच सांगतो. आधी स्वतःच्या उन्हाची तक्रार खोडून पाहा. खोडल्यावर काही उरत नसेल तर खिडकी लावून घ्या आणि स्वस्थ बसा. उरत असेल, आणि त्यात कोणाच्या जिवाचा प्रश्न असेल, तर आधी त्याच्या घरी जा, मग कचेरीत. आणि जाल तेव्हा सही करा. सहीची किंमत पडते. ती न देता हे काम होत असते तर मला ते नको होते.

वरळीच्या कॅम्पा कोला आवारातले, मंजुरीपेक्षा जास्त चढवलेले मजले पाडायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला, तेव्हा तिथे संसार थाटून माणसांना पाव शतक उलटून गेले होते. १९८० च्या दशकात, पहिला जादा मजला चढताना, एखाद्या शेजाऱ्याने वेळेवर सही केली असती तर? असे मी मनाला समजावतो. समजूत पटते. दुःख कमी होत नाही.

भाऊ माझ्याशी बोलत नाही. त्याची आई संक्रांतीला तिळगूळ देऊन गेली; तो आला नाही. परवा हिला पुन्हा खोकला झाला होता. रात्री झोपताना ती म्हणाली, “काही झालं तर हाक कुणाला मारायची?” मी उत्तर दिले नाही.

मधल्या भिंतीतल्या त्या फाटकाला भाऊने अजून कुलूप लावलेले नाही. रोज रात्री दार लावण्याआधी मी ते बघून येतो.